मनगटाचं किंवा पावलाचं हाड मोडलं तर: ऑपरेशन कधी, कसलं आणि नंतर काय करायचं

पाऊस सुरू झाला की आमच्याकडं दोन प्रकारची माणसं यायला लागतात. एक म्हणजे शेवाळलेल्या अंगणात नाहीतर न्हाणीत घसरून हातावर पडलेल्या बायका, आणि दुसरी टू व्हीलर चिखलात सरकून पाऊल खाली अडकलेली पोरं. मी बेळगावात फिजिओथेरपीचं काम करते, म्हणजे डॉक्टरांनी हाड बसवून झालं की पुढचे तीन-चार महिने पेशंट माझ्याकडं असतो, त्यामुळं ऑपरेशनपेक्षा ऑपरेशननंतर तो हात नाहीतर पाय शेवटी कसा चालतो हे मला जास्त बघायला मिळतं. आणि दरवर्षी एकच दिसतं, लोक "ऑपरेशन करू का नको" यात आठवडा घालवतात, खरं पहिल्या दिवशी काय केलं, एक्सरे परत काढला का, बोटं हलवली का, याकडं कोण बघतच नाही, आणि फरक तिथंच पडतो. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी

हाताला लागलं असेल तर सगळ्यात आधी अंगठी आणि बांगड्या काढायच्या, पावलाला लागलं असेल तर जोडवी आणि पैंजण. तासाभरात सूज येते आणि मग अंगठी निघत नाही, कापायला लागते. बायका बांगड्या काढायला तयार नसतात, सासू म्हणते एक तरी राहू दे हातात, खरं सुजलेल्या हातात अडकलेली बांगडी रक्त अडवते, तेव्हा दुसऱ्या हातात घाला की, पण मोडलेल्या हातातून काढा. साबणाचं पाणी लावलं तर निघते.

मग आधार. वर्तमानपत्राची जाड घडी नाहीतर पुठ्ठा खाली ठेवून सैल कापडानं बांधायचं, हात छातीच्या वर उशीवर, पाय असेल तर दोन उशांवर. बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं. तेल लावून चोळायचं नाही, ओढून बघायचं नाही. हाड बाहेर आलं असेल किंवा हाडाजवळ जखम असेल तर स्वच्छ कापड झाकून सरळ हॉस्पिटल गाठायचं, ते आत ढकलायला जायचं नाही, तिथं अँटिबायोटिक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं. आणि वाटेत चहा-बिस्कीट देऊ नका, भूल द्यायची झाली तर पोट रिकामं लागतं, खाल्लं तर सहा तास थांबावं लागतं.

हाडवैद्यांबद्दल मला खूप जण विचारतात. आमच्या आजोळी पण पाला बांधणारे होते आणि नुसत्या मुरगळलेल्या पायाला आराम पडल्याचं मी पाहिलंय, त्यांच्याबद्दल मनात राग नाही. खरं एक्सरे न काढता बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्या तर आत दाब वाढून स्नायू मरतो, आणि मेलेला स्नायू कुठलंच ऑपरेशन परत आणत नाही. बोटं निळी पडली, पांढरी पडली, बधिर झाली, किंवा दुसऱ्यानं हळूच बोट सरळ केलं तरी असह्य कळ आली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी ती पट्टी सोडायची आणि कॅज्युअल्टीत जायचं. डॉक्टरांनी घातलेल्या प्लास्टरला पण हेच लागू, सूज वाढली की प्लास्टर घट्ट होतं, कापून सैल करायला सांगा, कोण रागवत नाही.

मनगट: सगळ्यात जास्त मोडणारं हाड

हात टेकून पडलं की बहुतेक वेळा मोडतं ते अंगठ्याच्या बाजूचं लांब हाड, रेडियस, तेही मनगटापासून इंचभर वर. हात बाजूनं बघितला तर जेवणाचा काटा (काट्या-चमच्यातला) उलटा ठेवल्यासारखा वाकडा दिसतो. याला कोलेस फ्रॅक्चर म्हणतात, डब्लिनच्या अब्राहम कोलेस यांनी 1814 मध्ये याचं वर्णन केलं, एक्सरेचा शोध लागला 1895 मध्ये, म्हणजे त्यांनी नुसत्या हातानं चाचपून ओळखलं.

इलाज तीन तऱ्हेचा. पहिला, हात बधिर करून हाड ओढून बसवायचं आणि पाच-सहा आठवडे प्लास्टर. दुसरा, ओढून बसवायचं आणि कातडीतून दोन-तीन बारीक तारा घालून धरून ठेवायचं, ह्याला के वायर म्हणतात, चार ते सहा आठवड्यांनी त्या ओपीडीतच काढतात. तिसरा, तळहाताच्या बाजूनं चीर देऊन प्लेट आणि स्क्रू. हाडाचा अगदी भुगा झाला असेल नाहीतर जखम मोठी असेल तर बाहेरून सळ्यांची चौकट पण लावतात, ते कमी वेळा.

आता पेशंटचा प्रश्न असतोय, "मॅडम, प्लेट चांगली का तार?" प्लेट महाग म्हणून चांगली असं लोक धरून चालतात. ब्रिटनमध्ये 461 पेशंटवर ह्याचाच अभ्यास झाला, 2014 मध्ये छापून आला, जी हाडं न चिरता ओढून नीट बसतात त्यात एक वर्षानंतर तार आणि प्लेट यांच्यात हाताच्या कामात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. मग 2022 मध्ये 500 जणांवर दुसरा अभ्यास आला, तार विरुद्ध नुसतं नीट घातलेलं प्लास्टर, वर्षानंतर हात सारखाच, खरं प्लास्टरवाल्यांत साधारण आठातल्या एकाचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि ऑपरेशन करावं लागलं. ह्यातून मी घेतलेला धडा सरळ आहे, प्लास्टर निवडलं तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दर आठवड्याला एक्सरे काढायचाच, दुखत नसलं तरी. सरकलेलं हाड दुखतंच असं नाही, आणि लवकर कळलं तर परत बसवता येतं, दीड महिन्यानं कळलं तर ते वाकडंच जुळून धरलेलं असतंय आणि मग तोडून परत जोडायचं मोठं ऑपरेशन.

मग प्लेट कुणाला? सांध्याच्या आतपर्यंत तडा गेलाय आणि सांध्याच्या पृष्ठभागावर पायरी पडलीय, ओढून बसतच नाही, बसवलं तरी सरकतंय, किंवा माणूस असा आहे की त्याला हात लवकर कामाला लावायलाच पाहिजे. माझी मावशी वडगावात मागावर बसायची, तिचं उजवं मनगट सांध्यात फुटलं, डॉक्टरांनी प्लेट सांगितली आणि ती योग्यच होती, कारण विणकाम करणाऱ्या बाईला मनगट वळणं, चिमटीत धागा धरणं हे सगळं लागतं. प्लेट असली की टाके निघाल्यावर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांत, मनगट हलवायला सुरुवात करता येते, हाच तिचा खरा फायदा. उलट सत्तरीच्या पुढच्या आजीचं हाड थोडं वाकडं धरलं तरी भाकरी थापायला, देवपूजेला बहुतेक वेळा अडत नाही, फोटो वाईट दिसतो आणि हात बरा चालतो, अशा आजीला प्लेटच पाहिजे म्हणून हट्ट धरू नका. म्हणून डॉक्टरांकडं जाताना एक्सरेबरोबर पेशंट काय काम करतो हे सांगायचं, गवंडी आहे का, फाउंड्रीत आहे का, दूध काढते का, कुठला हात वापरतो. डॉक्टर घाईत असतात, विचारायचं राहून जातं, आपण सांगायचं.

प्लेटचे तोटे पण सांगते. स्क्रूचं टोक किंवा प्लेटची कड स्नायूच्या दोरीला घासली तर महिन्यांनी-वर्षांनी ती दोरी तुटू शकते, अंगठा वाकवताना किंवा सरळ करताना आत करकर जाणवली की लगेच दाखवायचं. अंगठा सरळ करणारी दोरी तर नुसत्या प्लास्टरमध्ये, हाड जागेवर असताना पण तुटू शकते, सकाळी उठल्यावर अंगठा उचलतच नाही असं झालं की ते हेच. तारांच्या तोंडाशी पस होऊ शकतो, पाणी लागू द्यायचं नाही. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या आल्या तर मनगटातली नस दाबली जातीय, ते थांबून बघायचं नसतं.

"मुका मार आहे" असं सांगितलेलं छोटं हाड

ह्यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण ह्यात तरणी पोरं आयुष्यभराचं नुकसान करून घेतात. मनगटात आठ छोटी हाडं असतात, त्यातलं अंगठ्याच्या मुळाशी होडीच्या आकाराचं एक, स्केफॉइड. खानापूर तालुक्यातला एक कबड्डी खेळणारा पोरगा माझ्याकडं आला, पडून सात महिने झालेले, पहिल्या दिवशी एका दवाखान्यात एक्सरे काढला, काय दिसलं नाही, मुका मार म्हणून गोळ्या दिल्या, पोरगा परत खेळायला लागला, मग दंड काढताना कळ यायला लागली. आत हाड दोन तुकड्यांत होतं आणि धरलेलं नव्हतं. पहिल्या दिवशीच्या एक्सरेत स्केफॉइडची चीर दिसत नाही असं खरंच होतं, ती चूक नव्हे, चूक आहे ती परत न बोलावण्यात आणि परत न जाण्यात.

घरी ओळखायचं असं: अंगठा ताणून वर केला की मनगटाजवळ स्नायूच्या दोन दोऱ्यांच्या मध्ये खळगा पडतो, त्यात दाबल्यावर दुखत असेल, किंवा अंगठा सरळ धरून मनगटाच्या दिशेनं दाबला की आत कळ येत असेल, तर एक्सरे नॉर्मल असला तरी फ्रॅक्चर धरूनच चालायचं. प्लास्टर नाहीतर स्प्लिंट, आणि 10 ते 14 दिवसांनी परत एक्सरे, किंवा परवडत असेल तर आधीच एमआरआय.

हे हाड इतकं हट्टी का, तर त्याला रक्त येतं बोटांकडच्या टोकाकडून आणि उलटं कोपराच्या दिशेनं आत जातं. मध्ये तुटलं की मागच्या तुकड्याचं पाणीच तोडल्यासारखं होतं, उसाच्या पाटाला मध्येच बांध घातला की पुढची सरी वाळते तसं. म्हणून जितकं मागं मोडलं तितकं धरायला वेळ, आणि कधी तो तुकडा मरतो.

जागेवर असलेलं स्केफॉइड 8 ते 12 आठवडे प्लास्टरमध्ये बहुतेक धरतं. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या 439 जणांच्या अभ्यासात मधोमध मोडलेलं आणि 2 मिलिमीटरपर्यंतच सरकलेलं हाड होतं, एक वर्षानंतर लगेच ऑपरेशन केलेले आणि आधी प्लास्टर घातलेले सारखेच निघाले, अट एकच होती, प्लास्टरमध्ये न धरलेलं हाड लगेच ओळखून त्याचं ऑपरेशन करायचं. ती अट विसरून चालत नाही. जास्त सरकलं असेल किंवा मागच्या टोकाला मोडलं असेल तर डोकं नसलेला स्क्रू घालतात, ऑस्ट्रेलियाच्या टिमोथी हर्बर्ट यांच्या नावानं तो ओळखला जातो, दोन टोकांना आट्यांचं अंतर वेगळं असल्यामुळं फिरवत नेला की दोन तुकडे एकमेकांवर आवळले जातात आणि स्क्रू हाडाच्या आतच बुडतो. जुनं न धरलेलं असेल तर कमरेच्या हाडातून नाहीतर रेडियसमधून तुकडा काढून मध्ये भरतात आणि मग स्क्रू, मागचा तुकडा मेलेला असेल तर रक्तवाहिनीसकट हाड आणून बसवतात. त्या कबड्डीवाल्याचं कमरेच्या हाडाचा तुकडा भरायचं ऑपरेशन झालं, हाड धरलं, सीटी स्कॅन काढून खात्री केली. एक्सरेवर "धरल्यासारखं दिसतंय" एवढ्यावर ह्या हाडाचा भरवसा नको, खेळायला सोडायच्या आधी सीटी मागा. आणि वर्षानुवर्षं तसंच सोडलं तर मनगटाचा सांधा झिजतो, मग काही हाडं काढून टाकायची किंवा एकमेकांना जोडून टाकायची ऑपरेशनं उरतात, दुखणं कमी होतं खरं मनगटाचं वाकणं बरंचसं जातं.

विडी, सिगरेट, तंबाखू, गुटखा, सगळ्यात निकोटीन आहे आणि ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं. विडी ओढणाऱ्यांत हाड न धरण्याचं प्रमाण जास्त असतं हे नक्की आहे. निपाणी भागात तंबाखू हेच पीक आहे, घरात ढीग असतो, मला माहीत आहे की सांगणं सोपं आहे, तरी हाड धरेपर्यंत तीन महिने सोडा, हे मी हात जोडून सांगते.

पाऊल

पायाचं हाड मोडलं की लोक आधी विचारतात चालता कधी येईल. ते कुठलं हाड आहे त्यावर आहे. करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाचं बूड घोटा मुरगळल्यावर मोडतं, अगदी टोकाचा टवका निघाला असेल तर बूट नाहीतर क्रेप पट्टी घालून चालत चालत बरं होतं, ऑपरेशन लागत नाही. खरं त्याच हाडात टोकापासून साधारण दीड-दोन सेंटीमीटर पुढं आडवी चीर असेल तर गोष्ट वेगळी, तिथं रक्त कमी, त्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात, रॉबर्ट जोन्स ह्या सर्जननी 1902 मध्ये लिहिलं, त्यांचा स्वतःचाच पाय नाचताना मोडला होता. ह्यात सहा-आठ आठवडे पाय टेकायचा नाही, आणि खेळाडू किंवा अंगमेहनतीचं काम असेल तर हाडाच्या पोकळीतून लांब स्क्रू घालतात. दोन्ही जागा एक्सरेत शेजारी शेजारी दिसतात, म्हणून "करंगळीचं हाड मोडलंय" एवढं ऐकून घरी येऊ नका, नेमकं कुठं ते विचारा.

पावलाच्या मधोमध, जिथं लांब हाडं मागच्या चौकोनी हाडांना जुळतात, तिथली दुखापत सगळ्यात फसवी. नेपोलियनच्या सैन्यात सर्जन असलेले फ्रेंच डॉक्टर लिस्फ्रांक यांचं नाव तिला आहे. गाडीखाली पाऊल पिळवटलं, पायरी चुकली, आणि दुसऱ्या दिवशी तळव्याला काळंनिळं पडलं तर सावध व्हा, तळव्याचा तो काळा डाग ह्याची खूण आहे. साधा झोपवून काढलेला एक्सरे नॉर्मल येऊ शकतो, उभं राहून, दोन्ही पायांचा, शेजारी शेजारी काढायला सांगा, अंतर मग कळतं. सरकलं असेल तर स्क्रू नाहीतर प्लेट, काही जणांत ते सांधे कायमचे जोडूनच टाकतात, तो भाग तसा फारसा हलत नाही त्यामुळं चालण्यात मोठा फरक जाणवत नाही. सहा ते आठ आठवडे पाय खाली टेकायचा नाही, आणि अचूक बसवूनही पुढं झीज होऊ शकते हे आधीच मान्य करून चालायचं.

टाच मोडते ती उंचावरून पडून, नारळावरून, घराच्या कौलांवरून, स्लॅबच्या कामावरून. टाचेबरोबर पाठीचा मणका पण बघून घ्यायचा, उंचावरून टाचांवर पडलेल्यांत मणका मोडलेला सापडतो, आणि टाचेच्या कळीत पाठ दुखतीय हे सांगायचं राहतं. ऑपरेशन लगेच नसतं, सूज उतरून कातडीला सुरकुत्या दिसेपर्यंत आठ-पंधरा दिवस थांबतात, डॉक्टर टाळतायत असं समजू नका, सुजलेल्या कातडीवर चीर दिली तर टाके उकलतात. सांध्यात मोडलेल्या टाचेवर ब्रिटनमध्येच 151 जणांचा अभ्यास 2014 मध्ये आला, दोन वर्षांनी ऑपरेशनवाले आणि बिनऑपरेशनवाले सारखेच आणि गुंतागुंत ऑपरेशनमध्ये खूप जास्त. ज्यांची टाच अगदीच चेमटलीय त्यांना त्यात घेतलं नव्हतं, तेव्हा हे सगळ्यांना लागू नाही, खरं शुगर असलेल्या, विडी ओढणाऱ्या माणसानं ऑपरेशनसाठी घाई करू नये. कसंही करा, टाचेखालचा सांधा थोडा आखडतो. रस्त्यावर बरं चालतात, नांगरलेल्या रानात, बांधावर पाय वाकडा पडला की दुखतं. शेतकऱ्याला हे आधीच सांगायला पाहिजे, म्हणजे तो ऑपरेशन फसलं म्हणून खचणार नाही. फारच दुखत राहिलं तर नंतर तो सांधा जोडून टाकायचं ऑपरेशन आहे.

आणि शुगरवाल्यांनी हे वाचाच. पाऊल सुजलंय, लाल आहे, हात लावला की दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतंय, आणि दुखत मात्र फारसं नाही, तर ती नुसती सूज नसू शकते, आत हाडं चुरतायत आणि नसा बधिर झाल्यामुळं कळत नाही, ह्याला शार्को फूट म्हणतात. सुरुवातीचा एक्सरे बरा दिसतो. अशावेळी चालणं बंद, पावलाला सगळीकडून चिकटून बसणारं खास प्लास्टर, महिनोन्महिने. गरम असताना सहसा ऑपरेशन करत नाहीत.

सही करायच्या आधी

फॉर्म कन्नडमध्ये नाहीतर इंग्लिशमध्ये असतो. "सही करा की, सगळे करतात" असं कोण म्हटलं तरी मराठीत समजावून सांगा म्हणायचं, तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगणं हे त्यांचं काम आहे, उपकार नव्हेत, आणि बेळगावात मराठी बोलणारं कोणतरी वॉर्डात सापडतंच. विचारा: ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, हाड सरकलं तर कुठल्या तारखेपर्यंत परत बसवता येईल, किती दिवस हात-पाय वापरायचा नाही, प्लेट पुढं काढायला लागणार का. टायटॅनियम की स्टील यावर पैशाचा वाद घालत बसू नका, दोन्हीनं हाड धरतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगर, आधीची ॲलर्जी हे न विचारता सांगायचं. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक ह्या सरकारी योजनेत घरामागं वर्षाला 5 लाखांपर्यंत इलाज होतो, त्यासाठी सरकारी हॉस्पिटलचं रेफरल लेटर लागू शकतं, ॲडमिट व्हायच्या आधी काउंटरवर चौकशी करा, नंतर केली तर अडचण होते.

नंतर

मनगटाचं ऑपरेशन झालं त्याच दिवशी संध्याकाळपासून बोटं. पूर्ण मूठ, पूर्ण सरळ, अंगठा प्रत्येक बोटाला टेकवायचा, जागेपणी दर तासाला दहा-दहा वेळा. कोपर आणि खांदा पण. हात गळ्यात अडकवून दिवसभर बसायचं नाही, खांदा आखडतो, आणि मला मनगटापेक्षा खांदा मोकळा करायला जास्त दिवस लागतात. मावशी म्हणायची, "दुखतंय गं, नंतर करते की", मी म्हणायचे मूठ मिटल्याशिवाय चहा नाही. बोटं सुजून चकचकीत झाली, हाताला घाम यायला लागला, नुसतं फडकं लागलं तरी आग होतीय, असं झालं तर ते वेगळं दुखणं आहे, लगेच सांगायचं, लवकर धरलं तर आटोक्यात येतं.

तीन महिन्यांच्या आधी घागर, पोतं उचलायचं नाही. पकडीची ताकद यायला सहा महिने, कधी वर्ष. पावलाच्या ऑपरेशननंतर पोटरीत गोळा येऊन दुखायला लागलं, पोटरी सुजली, किंवा दम लागला तर व्यायाम थांबवून हॉस्पिटल. पन्नाशीच्या पुढच्या बाईचं मनगट साध्या पडण्यानं मोडलं असेल तर हाडं ठिसूळ झाल्याची ती पहिली खूण धरायची, हाडांची घनता मोजणारी डेक्सा टेस्ट करून घ्या, पुढचं मोडणारं हाड खुब्याचं असू शकतं.

आणि फाइल जपा. आपली माणसं आज बेळगाव, उद्या मिरज, परवा कोल्हापूर नाहीतर गोवा करतात, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला एक्सरे हरवलेला असतो. पहिल्या दिवसाची फिल्म, डिस्चार्ज कार्ड, आणि प्लेट-स्क्रूचं स्टिकर, कंपनी आणि साइज लिहिलेलं, मागून घेऊन फाइलला चिकटवा. पाच वर्षांनी प्लेट काढायची वेळ आली तर कुठला स्क्रू ड्रायव्हर लागणार हे त्या स्टिकरवरूनच कळतं.